डिप्रेशनची गोळी आणि तोंडाची कोरड

डिप्रेशनची गोळी सुरू केली की मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. तोंड मात्र पहिल्या दोन-चार दिवसांतच सुकतं. फायदा दिसायच्या आधी त्रास दिसतो आणि बऱ्याच जणांची गोळी इथेच बंद पडते. ‘गोळी उष्ण पडली’ असं घरात कुणीतरी म्हणतं. मग सब्जा, गुलकंद, खडीसाखर, रसवंतीवरचा रस, लिंबू सरबत असं सगळं सुरू होतं. यातल्या सब्ज्याचा थोडा उपयोग आहे. बाकीचं घोटघोट दिवसभर चालू राहिलं तर वर्षभरात दातांचं वाटोळं होतं.

लाळ नेमकी कुठे अडते

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. एक कानाच्या पुढे गालात, दुसरी जबड्याखाली, तिसरी जिभेखाली. शिवाय ओठ, गाल आणि टाळू यांच्या आतल्या बाजूला शेकडो बारीक ग्रंथी असतात. निरोगी माणसाच्या तोंडात या सगळ्यांची मिळून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ येते. लाळ सोडायचा निरोप मज्जातंतू ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत पाठवतात. हे रसायन ग्रंथीच्या पेशीवरच्या ठरलेल्या जागी बसलं की लाळ सुटते. जुन्या पद्धतीच्या डिप्रेशनच्या गोळ्या, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तशी, ती जागा आधीच अडवून ठेवतात. निरोप येतो, पण त्याला बसायला जागाच नसते.

ग्रंथी मात्र धडधाकट असतात, आणि पुढच्या सगळ्या उपायांना आधार आहे तो याच गोष्टीचा. कॅन्सरच्या रेडिएशनमध्ये ग्रंथी जळतात, तसं इथे काही होत नाही. चावण्याने, चवीने जोराचा निरोप गेला की त्या लाळ देतात. गोळीचा डोस कमी झाला किंवा गोळी बदलली की बहुधा पूर्ववत होतात.

कुठली गोळी किती सुकवते, यात बराच फरक आहे. सगळ्यात जास्त कोरड अमिट्रिप्टिलिनने पडते. इमिप्रामिन, क्लोमिप्रामिन, डोसुलेपिन त्याच घरातल्या. नॉरट्रिप्टिलिनही त्याच गटातली, पण जरा सौम्य. नव्या गोळ्यांत पॅरोक्सेटिन त्यातल्या त्यात जास्त सुकवते. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन कमी. व्हेन्लाफॅक्सिन, डेसव्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन ती जागा फारशी अडवत नाहीत. त्या नॉरॲड्रेनलिन हे मज्जातंतूंचं दुसरं रसायन वाढवतात आणि त्यामुळे लाळ कमी व घट्ट होते. मिर्टाझापिननेही तोंड सुकतं.

‘मी कुठे डिप्रेशनची गोळी घेतो?’ असं म्हणणाऱ्यांनीही आपली स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचावीत. शुगरमुळे पायाला मुंग्या येतात म्हणून मिळालेल्या गोळीत प्रिगाबालिनबरोबर बऱ्याचदा नॉरट्रिप्टिलिन असतं. झोपेसाठी म्हणून दिलेल्या एका नेहमीच्या गोळीत क्लोरडायझेपॉक्साइडबरोबर अमिट्रिप्टिलिन असतं. मायग्रेनला, जुन्या कंबरदुखीला १० किंवा २५ मिलिग्रॅमची अमिट्रिप्टिलिन देतात. डोस लहान असला तरी तोंड सुकू शकतं.

त्यात दुसऱ्या औषधांची भर पडते. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, ॲलर्जीची सिट्रिझिन, पोटदुखीची डायसायक्लोमिन, लघवी रोखायची ऑक्सिब्युटिनिन, हातपाय थरथरू नयेत म्हणून दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल, ही सगळी त्याच वाटेवरची औषधं. मेडिकलवरून आपल्या मनाने घेतलेली सर्दीची गोळी चार दिवस घेतली आणि कोरड एकाएकी वाढली, तर दोष डिप्रेशनच्या गोळीच्या माथी मारू नका.

तहान की कोरड?

तहान लागली असेल तर तांब्याभर पाणी पिऊन ती भागते. लाळ कमी असेल तर पाणी पिऊन दोन मिनिटं बरं वाटतं आणि जीभ पुन्हा टाळूला चिकटते. बोलताना ओठ दाताला चिकटतात. लाळ फेसाळ, तारेसारखी येते. ज्वारीची भाकरी नुसत्या चटणीबरोबर चावली तर तोंडात गोळा फिरत राहतो, ‘घास उतरंना’ म्हणत प्रत्येक घासाला पाणी लागतं.

मोजायचंच असेल तर घरी मोजता येतं. सकाळी, खाणं-पिणं-ब्रश काहीही करून एक तास होऊन गेल्यावर, खुर्चीत बसून मान थोडी खाली घाला. आधी एकदा गिळा. मग पाच मिनिटं काही न चघळता तोंडात जमेल ती लाळ छोट्या वाटीत सोडत राहा. मेडिकलवर मिळणाऱ्या २ किंवा ५ मिलिलिटरच्या बिनसुईच्या सिरिंजमध्ये ती ओढून घ्या. साधारण दीड ते दोन मिलिलिटर भरली तर ठीक आहे. अर्धा मिलिलिटरही भरली नाही तर लाळ खरोखर कमी आहे आणि दातांच्या डॉक्टरांना आत्ताच दाखवायला हवं. भरपूर लाळ येऊनही कोरडं वाटत असेल, तर तोंडाने श्वास, बुरशी, आग होणं अशी दुसरी कारणं बघावी लागतात.

रात्री चार-पाचदा लघवीला उठावं लागतं, वजन उतरतंय आणि तहानही लागते, असं असेल तर गोळीला नावं ठेवण्याआधी रक्तातली साखर तपासा. डिप्रेशनच्या उपचारात लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध जोडलं असेल तर त्यानेही खरीखुरी तहान लागते आणि लघवी जास्त होते. लिथियम घेणाऱ्याने पाणी किंवा मीठ आपल्या मनाने कमी करू नये, रक्तातली त्याची पातळी वाढते.

दात कसे जातात

दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, तोंडातला पीएच (आम्ल मोजायचा आकडा; तो जितका खाली तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की विरघळू लागतं. हिरडी उतरल्यामुळे उघडी पडलेली मुळं आणखी नाजूक. ती ६.५ च्या आसपासच झिजायला लागतात. साखर खाल्ली की तोंडातले जंतू काही मिनिटांतच आम्ल तयार करतात. मग लाळेतलं बायकार्बोनेट ते आम्ल मारतं आणि कॅल्शियम-फॉस्फेट दाताची झीज भरून काढतात. भरपूर लाळ असली तर अर्ध्या-पाऊण तासात तोंड सावरतं. लाळ नसेल तर तास उलटला तरी सावरत नाही, आणि तोवर दुसरा चहा आलेला असतो.

म्हणून इथे किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली याचा हिशेब मोठा. जेवताना दोन पेढे खाल्ले तर आम्लाची एकच फेरी होते. अर्धा-अर्धा कप करून दिवसात आठ वेळा साखरेचा चहा घेतला, मधे तोंडात लिमलेटची गोळी ठेवली, तर दात दिवसभर आम्लातच बुडालेले राहतात. तोंड ओलं ठेवायला म्हणून खडीसाखर गालात धरणं हा तर दात किडवायचा हमखास मार्ग. चिंच, लिंबू, सुकवलेली आवळा सुपारी यांनी लाळ सुटते हे खरं, पण आम्ल थेट दातावर बसतं आणि ते धुवायला पुरेशी लाळ नसते. जेवणात लिंबू पिळा, आवळ्याचं लोणचं खा. चघळत बसू नका.

कोरडेपणाची कीड ओळखूही येते. एरवी न किडणाऱ्या जागी ती दिसते. खालच्या समोरच्या दातांमागेच जबड्याखालच्या ग्रंथींची नळी उघडते, त्यामुळे हे दात सतत लाळेत असतात आणि सहसा सगळ्यात शेवटी किडतात. आरशात ओठ खाली ओढून बघा. त्यांच्या हिरडीलगत पांढरट-पिवळी किंवा तपकिरी रेघ दिसली, बोटाच्या नखाला ती जागा खरखरीत किंवा मऊ लागली, तर लाळ कमी होऊन बरेच दिवस झालेत असं समजा.

कीड सोडून आणखीही काही होतं. जिभेवर किंवा गालात पांढरे, पुसल्यावर खाली लाल दिसणारे चट्टे येणं, ओठांचे कोपरे चिरणं, तिखट अजिबात न सोसणं, ही बुरशीची लक्षणं असू शकतात. ठेचा बंद करून ती जात नाहीत, औषध लागतं. कवळी लाळेच्या पातळ थरावरच चिकटून राहते. लाळ कमी झाली की ती हलते, घासते आणि जखमा करते. रात्री ती काढून पाण्यात ठेवायची आणि तोंडात घालताना ओली करून घालायची.

सुपारीची गोष्ट वेगळी

गोळी सुरू झाल्यावर सुपारी किंवा मावा वाढला, असं बऱ्याचदा दिसतं. त्याला कारण आहे. सुपारीतलं ॲरेकोलीन हे रसायन ॲसिटिलकोलीनसारखंच काम करतं, ग्रंथीला लाळ सोडायला लावतं. म्हणजे सुकलेल्या तोंडाला सुपारीने खरोखर बरं वाटतं, आणि म्हणूनच ती सुटत नाही. पण तीच सुपारी गालाच्या आतली कातडी आखडवते. तोंड उघडायचं हळूहळू बंद होतं, तिखट झोंबतं, आणि पुढे कॅन्सरचा धोका राहतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, साधी सुपारी मात्र पानटपरीवर सहज मिळते. बायकांमध्ये मशेरी चालते. ती भाजलेली तंबाखूच, दात घासायच्या नावाखाली. तंबाखूने तोंड आणखी सुकतं. तुरटीच्या गुळण्या, बाभळीच्या सालीचं मंजन हेही तुरट असल्याने कोरडेपणा वाढवल्यासारखं वाटतं. लाळ कमी असताना ते नकोच.

चघळायचंच तर जेवणानंतर बिनसाखरेची बडीशेप चघळा, एखादी वेलची चावा. रंगीत, साखरेचा थर दिलेली बडीशेप नको. मोठ्या मेडिकलवर झायलिटॉलचं, म्हणजे साखरेऐवजी वापरायच्या गोड पदार्थाचं, च्युइंगगम मिळतं. जेवणानंतर आणि मधल्या वेळी, दिवसात तीन ते पाच वेळा, १० ते १५ मिनिटं चावायचं. झायलिटॉल जंतूंना पचत नाही, म्हणून आम्ल होत नाही. जास्त खाल्लं तर पोट फुगतं, जुलाब होतात. घरी कुत्रं असेल तर पाकीट त्याच्या तोंडी लागू देऊ नका. कुत्र्यांना झायलिटॉल विषारी आहे. जबड्याचा सांधा दुखत असेल किंवा कवळी असेल तर गम सोडून द्या.

दिवसभरात काय करायचं

पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि दर १०-१५ मिनिटांनी एक घोट घ्या. घोट लगेच गिळू नका. तोंडात फिरवा, चार-पाच सेकंद धरा, मग गिळा. तांब्या एका दमात रिकामा केल्याने पोट भरतं आणि लघवी वाढते, तोंड काही ओलं राहत नाही.

जास्त पाण्याचा एक धोका फारसा कुणी सांगत नाही. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांनी काही जणांच्या, विशेषतः साठीपुढच्या आणि बीपीसाठी लघवीची गोळी घेणाऱ्या माणसांच्या, रक्तातलं सोडियम उतरतं. त्यात कोरड पडते म्हणून लिटरवर लिटर पाणी प्यायलं तर ते आणखी उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणं असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन सोडियम तपासून घ्या. गोळी नवी सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत याकडे जास्त लक्ष हवं.

उन्हात काम करणाऱ्याचं गणित मात्र निराळं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो, आणि अमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्यांनी घाम कमी येतो. घाम आटला की अंग थंड होत नाही आणि उष्माघात लवकर होतो. अशांनी दुपारी १२ ते ४ शेतात थांबू नये, डोक्याला ओलं उपरणं बांधावं आणि उन्हाची तहान पाणी व मीठ घातलेल्या ताकाने भागवावी.

ताज्या, गोडसर ताकाला हरकत नाही. फार आंबलेलं ताक घोटघोट नको, जेवणाबरोबर घ्या. भाकरी कोरडी न खाता पातळ पिठलं, येसर आमटी, वरण किंवा दुधात कुस्करून खा. भुरका, शेंगदाण्याची चटणी वगैरे कोरडं तोंडी लावणं तेल किंवा दही घालून. चहा बंद करायची गरज नाही. दोन किंवा तीन वेळा, जमल्यास बिनसाखरेचा, आणि कप पाच मिनिटांत संपवायचा. त्यानंतर पाण्याने चूळ भरा.

सब्ज्याचा उपयोग आहे असं वर म्हटलं, ते त्याच्या बुळबुळीतपणामुळे. भिजलेल्या बियांभोवतीचा चिकट थर तोंडाच्या आतल्या बाजूला काही वेळ टिकतो. साखर आणि सरबत न घालता साध्या पाण्यात एक चमचा भिजवून घ्या. त्याहून चांगली आहे जवस. युरोपात जवसाच्या अर्कापासून कृत्रिम लाळ तयार करून विकतात. घरी करायला एक मोठा चमचा अख्खी जवस दोन कप पाण्यात १० मिनिटं मंद आचेवर उकळा आणि गरम असतानाच गाळा. गार झालं की ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं दाट होतं आणि गाळणीतून उतरत नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. चमचाभर तोंडात घेऊन सगळीकडे फिरवायचं, मग थुंकायचं किंवा गिळायचं. फ्रीजमध्ये एक दिवस टिकतं. फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात अर्धा दिवसही ठेवू नका, थोडं-थोडं करा. विकत घ्यायचं तर कार्बॉक्सीमिथाइलसेल्युलोजचा स्प्रे किंवा जेल मेडिकलवर मागवून मिळतो. झोपताना आणि खूप बोलायचं असेल त्याआधी वापरावा.

तोंड चिकट, कडवट वाटत असेल तर एक कप कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसात तीन-चार वेळा चुळा भरा. सोडा आम्ल मारतो. गिळू नका, आणि रोज ताजं करा. झिणझिण्या आणणारे अल्कोहोलवाले माउथवॉश टाळा, त्यांनी कोरड वाढते.

ब्रश दिवसातून दोनदा, त्यातला रात्रीचा कधीही चुकवायचा नाही. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, तेव्हा दातावर अन्न राहिलं तर रात्रभर कीड चालू राहते. टूथपेस्टवर फ्लोराइड आहे का ते बघा. आपल्याकडे १००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइड असलेली मिळते. ‘आयुर्वेदिक’ म्हणून घेतलेल्या बऱ्याच पेस्टमध्ये आणि काळ्या मंजनात फ्लोराइड नसतं. लाळ कमी असताना ही चूक महागात पडते. घासून झालं की फेस थुंका आणि पाण्याने खळखळून चूळ भरू नका, पेस्टचा पातळ थर दातावर राहू द्या. आंबट काही खाल्लं असेल तर अर्धा तास थांबून मग घासा. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटसारख्या, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या भागातही मोठ्या माणसांनी हीच पेस्ट वापरायला हरकत नाही, थुंकायची एवढंच.

रात्री कूलर लावत असाल तर उत्तम, त्याची हवा ओलसर असते. एसी हवा सुकवतो. नाक चोंदत असेल तर त्याचा इलाज करा, कारण तोंड उघडं टाकून झोपलं की वरचे सगळे उपाय पहाटेपर्यंत पुरत नाहीत. ओठांना तूप किंवा व्हॅसलिन लावा.

गोळीचं काय करायचं

आपल्या मनाने बंद करायची नाही. पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन एकाएकी सोडली तर दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, विचित्र स्वप्नं, चिडचिड सुरू होते. शिवाय आजार उलटतो. नव्या गोळ्यांची कोरड काही आठवड्यांत बऱ्याच जणांची कमी होते, अमिट्रिप्टिलिनची मात्र थोडीफार राहतेच. सहा आठवडे वरचं सगळं करूनही जेवण आणि झोप यांचं हाल होत असतील तर मानसोपचार डॉक्टरांना स्पष्ट विचारा: डोस कमी करता येईल का, कमी सुकवणारी गोळी चालेल का, सोबतच्या गोळ्यांतली एखादी काढता येईल का? पिलोकार्पिन नावाची लाळ वाढवणारी गोळी आहे, पण दमा, काचबिंदूचा एक प्रकार किंवा हृदयाचा त्रास असेल तर ती धोक्याची. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय घ्यायची नाही.

डॉक्टर लांब असतील, पुढची तारीख महिन्यावर असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते. लघवी अडली, डोळा दुखून अंधुक दिसू लागलं किंवा म्हातारं माणूस एकाएकी बरळू लागलं, तर तारखेची वाट बघू नका.

हृदयासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यांनी आधी तोंड पाण्याने ओलं करावं. कोरड्या जिभेखाली ती विरघळतच नाही.

दातांची तपासणी लाळ कमी असेपर्यंत दर तीन ते सहा महिन्यांनी करा. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, बाकी जिल्ह्यांत रुग्णालयातला दंत विभाग. फ्लोराइड वार्निश (दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप) लावून द्या असं मुद्दाम म्हणा. पाच मिनिटांचं काम असतं. त्यानंतर काही तास कडक आणि गरम खायचं नसतं. आणि आपल्या सगळ्या स्ट्रिपचे फोटो मोबाइलवर दाखवा. दाताच्या भुलीच्या इंजेक्शनात बऱ्याचदा ॲड्रेनलिन असतं, आणि अमिट्रिप्टिलिनच्या गटातली गोळी चालू असेल तर ते बेतानेच द्यावं लागतं.